गाठीतला आरएनए आणि हातातला रिपोर्ट

भिगवणला काय, बारामतीत काय, स्तनातल्या गाठीचा विषय निघाला की कुणीतरी सांगतंच, "सुई लावू नका, पसरतं." या एका समजापायी बायका दुखत नसलेली गाठ महिनोन्‌महिने अंगावर काढतात. तपासणीच्या सुईने कर्करोग अंगभर पसरत नाही. उलट संशय असेल तर सुईने गाठीचा तुकडा काढल्याशिवाय ती कसली, हे नक्की ठरत नाही.

दुसरा गैरसमज बातम्या वाचणाऱ्यांचा: नवी आरएनए चाचणी केली की सगळं कळतं. पेशीतले बरेच आरएनए प्रथिन बनवतच नाहीत. त्यांतल्या दोनशेहून जास्त अक्षरांच्या आरएनएंना लाँग नॉनकोडिंग आरएनए म्हणतात. ही अडगळ असावी, असं पूर्वी वाटे. पण २००७ साली सापडलेला 'हॉटेअर' बाराव्या गुणसूत्रावर तयार होऊन दुसऱ्या गुणसूत्रावरची जनुकं बंद ठेवायला हातभार लावतो, असं दिसलं. २०१० साली 'नेचर'मध्ये आलं, की स्तनातल्या ज्या गाठींत तो फार वाढलेला होता, त्या पुढे जास्त पसरल्या.

म्हणजे हाच गुन्हेगार? इतकं सोपं नाही. 'मॅलॅट-१' या अशाच दुसऱ्या आरएनएचं पाहा. २०१६ साली एका गटाने उंदरांत तो कमी केला, तर कर्करोगाचं पसरणं घटलं. २०१८ साली दुसऱ्या गटाने त्याच जातीच्या कर्करोगाच्या उंदरांत तो काढला, तर पसरणं वाढलं. मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं, पण अशा आरएनएच्या प्रमाणावर कुणाची केमोथेरपी ठरवू नये.

आईच्या गाठीत वाढलेला आरएनए लेकीकडे वारशाने येतो, हेही खरं नाही. आनुवंशिक धोका पाहायचा तर बीआरसीए जनुकांची तपासणी असते, तीही डॉक्टरांनी सुचवली तर.

नेहमीच्या तपासणीत तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवून ब्लॉक करतात. त्याचे पातळ काप रंगवून प्रथिनं शोधतात. प्रथिन न बनवणारा आरएनए त्या रंगात दिसणारच नाही. शिवाय फॉर्मॅलिनमध्ये आरएनएचे तुकडे पडतात. आज औषध ठरतं ते मुख्यतः ईआर, पीआर आणि हर-२ या तीन प्रथिनांच्या नोंदींवर. कर्करोग निघाला आणि रिपोर्टमध्ये या नोंदी नसतील, तर डॉक्टरांना विचारा. ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो. बहुतेक वेळा नवी सुई न लावता त्याच्यावरच ही तपासणी होते.