चंद्र, आगगाडी आणि कणांचा झोत

प्रमाण शुद्ध असल्यावांचून प्रमेय सिद्ध होत नाहीं, हा आमच्या न्यायशास्त्राचा दंडक. परंतु जी वस्तु डोळ्यांस दिसत नाहीं आणि स्पर्श करितांच बिघडते, तिचें माप कसें घ्यावें? कणत्वरक नांवाच्या प्रचंड यंत्रावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांस हा प्रश्न नित्य पडतो. त्यासंबंधींची एक खरी हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

जिनीव्हा शहराजवळ, स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या सरहद्दीखालीं, सर्न या संस्थेचें सुमारें २७ किलोमीटर परिघाचें वर्तुळाकार भुयार आहे. त्यांत १९८९ पासून २००० पर्यंत ‘लेप’ नांवाचा त्वरक चालू होता. निर्वात नळींतून इलेक्ट्रॉन एका दिशेनें व पॉझिट्रॉन उलट दिशेनें, सेकंदास ११,००० हून अधिक फेऱ्या घालीत. त्यांची वाट वळविण्याचें काम लोहचुंबकांकडे असे.

या झोताची नाडी पाहावयाची, पण हात न लावतां! त्यासाठीं नळीच्या आंतील बाजूस गुंडीसारख्या धातूच्या चकत्या बसवितात. झोत जवळून जातांच त्यांत विजेचा संकेत उठतो. ज्या चकतीकडे झोत अधिक झुकला असेल तिचा संकेत प्रबळ. या फरकावरून झोत मध्यापासून किती ढळला तें कळतें. अशीं सुमारें ५०० मापकें लेपच्या वर्तुळांत होतीं.

झोताची ऊर्जा मोजणें याहून नाजूक. इलेक्ट्रॉन हा एक भोंवरा आहे असें समजावें. चुंबकक्षेत्रांत त्याचा आंस डुलतो, आणि एका फेरींत तो किती वेळां डुलतो हें त्याच्या ऊर्जेवर अवलंबून असतें. कांहीं काळानें पुष्कळशा भोंवऱ्यांचे आंस एका दिशेस कलतात. मग एक लहानसें कंपित क्षेत्र लावून त्याची कंपनसंख्या हळूहळू बदलीत न्यावयाची. ती भोंवऱ्यांच्या डुलण्याशीं जुळली कीं त्यांची शिस्त मोडते. त्या क्षणींच्या कंपनसंख्येवरून ऊर्जा काढतां येते, आणि तीहि लाखांत एकदोन भागांइतकी अचूक!

परंतु माप इतकें सूक्ष्म झाल्यावर एक विलक्षण गोष्ट दिसून आली. यंत्रांत कांहींहि न बदलतां ऊर्जा थोडी ढळे. नोव्हेंबर १९९२ मधील पौर्णिमेच्या सुमारास लागोपाठ मापें घेतलीं, तेव्हां चोर सांपडला. तो आकाशांत होता! चंद्रसूर्यांच्या आकर्षणानें समुद्रास भरती येते तशी भूमीसहि येते. त्या योगें २७ किलोमीटरांचें वर्तुळ सुमारें एक मिलिमीटर फुगे. झोताच्या वाटेची लांबी मात्र त्यास रेटणाऱ्या विद्युत्लहरींनीं बांधलेली, ती बदलेना. म्हणून झोत चुंबकांच्या मध्यापासून ढळे व त्याची ऊर्जा सुमारें एक कोटि इलेक्ट्रॉन-व्होल्टनें बदले.

पुढें १९९५ मध्यें चुंबकांत बसविलेल्या मापकांवर दिवसभर बारीक खळबळ दिसूं लागली. मध्यरात्रीं ती थांबे, पहांटे पुन्हां सुरू होई. हें वेळापत्रक निघालें आगगाडीचें! विजेच्या गाड्यांचा कांहीं प्रवाह रुळांतून जमिनींत झिरपे, लेपच्या नळीवाटे वाहे आणि चुंबकांचें बळ किंचित् वाढवी.

हे सर्व दोष वजा केल्यावर झेड नांवाच्या मूलकणाचें वस्तुमान ९१,१८७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ठरलें. संशय उरला तो अवघा २.१ दशलक्षांचा. भूमीची भरती दुर्लक्षिली असती तर एवढा विश्वास कोणत्या तोंडानें सांगतां आला असता?

हें वाचतांना आम्हांस आमचा एक जुना विद्यार्थी आठवला. वर्गांत तराजूवर केलेलें त्याचें वजन नेहमीं किंचित् चुके. आम्ही त्यास निष्काळजी म्हटलें, लाल शाईनें फुली मारली. पुष्कळ दिवसांनीं ध्यानांत आलें कीं त्याची जागा खिडकीशीं होती व वाऱ्यानें पारडें दबत होतें. पोर प्रामाणिकपणें दिसलें तेंच लिहीत होतें. चुकलों होतों आम्ही. जिनीव्हाच्या विद्वानांनीं न जुळणाऱ्या आंकड्यावर फुली मारली नाहीं, त्यास कारण विचारलें. घरांतील मुलाचें उत्तर जेव्हां आपल्या उत्तराशीं जुळणार नाहीं, तेव्हां वडिलांनीं फुलीपूर्वी एकवार खिडकी उघडी आहे काय, तें पाहावें.