माळेगावचा पाळणा, हैदराबादची सहल

रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाने पाळण्यात बसायला पैसे का घालवावेत? हा प्रश्न आपल्या वस्तीत दरवर्षी निघतो. लोहा तालुक्यातील माळेगावची यात्रा जवळ आली, किंवा लातूरला महाशिवरात्रीची सिद्धेश्वर यात्रा भरली, की पोरे हट्ट धरतात आणि म्हातारी माणसे कुरकुरतात. देवळाकडे न फिरकता केवळ पाळण्यासाठी यात्रेला जाणारी कुटुंबे आपल्यात आहेत. त्यांना हसण्याचे कारण नाही. या ओढीत काहीतरी आहे, एवढे आम्हाला पटले आहे.

अमेरिकेत शिकागोच्या १८९३ च्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनिअरने २६४ फूट उंचीचे लोखंडी चाक उभे केले. त्याला ३६ डबे, आणि एका डब्यात ६० माणसे! यात्रेतला आपला आकाशपाळणा हा त्याचाच धाकटा भाऊ. पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा का येतो? बैठक आपल्या खालून निसटल्यासारखी होते, शरीराचा नेहमीचा आधार क्षणभर कमी होतो, आणि ते पोटातल्या अवयवांनाही जाणवते. मोठ्या पार्कातल्या रोलर कोस्टरच्या गाडीला तर बहुधा इंजिनही नसते. साखळीने तिला पहिल्या चढावर ओढून नेतात, पुढे ती आपल्याच वजनाने धावते. म्हणूनच पहिला चढ सहसा सर्वांत उंच ठेवतात. हे मुलांना सांगा, विज्ञानाचा एक धडा फुकट होईल. अशा गाड्यांचे वेड लागलेल्या लोकांचा अमेरिकेत १९७८ पासून चक्क एक क्लब आहे. आपण किती गाड्यांत बसलो, याचा हिशेब ही माणसे ठेवतात. आपल्याकडे किती लेण्या पाहिल्या ते सांगतात, तसेच.

पण घाबरायला पैसे देण्याची गंमत एवढ्यातच नाही. मुकादमाची, घरमालकाची, सावकाराची भीती आपण मागून घेत नाही आणि ती कधी संपेल तेही कळत नाही. पाळण्यातली भीती आपण स्वतः निवडतो आणि ती पाच मिनिटांत संपते. खाली उतरल्यावर बाप आणि लेक एकाच वेळी हसतात. बाकी वर्षभर असे किती वेळा घडते?

आता एक गोष्ट आमच्या वाचकांना मुद्दाम सांगायची आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराजवळ ग्विन ओक नावाचे करमणुकीचे पार्क होते. तिथे काळ्या लोकांना प्रवेश नव्हता. १९६३ च्या ४ जुलैला काळे आणि गोरे, पाद्री आणि रब्बी मिळून तिथे गेले आणि शेकडोंनी अटक करवून घेतली. अखेर २८ ऑगस्टला दार उघडले. त्याच दिवशी वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग यांची विराट सभा चालू होती. इकडे शेरॉन लँगली नावाची अकरा महिन्यांची काळी मुलगी फिरत्या घोड्यावर बसली. तो घोड्यांचा पाळणा पुढे वॉशिंग्टनच्या मध्यवर्ती मैदानात नेण्यात आला. किंग यांनीही त्याच वर्षी तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात आपल्या सहा वर्षांच्या मुलीचा उल्लेख केला आहे. टीव्हीवर जाहिरात पाहून ती फनटाऊन पार्कला जाऊ म्हणते, आणि ते आपल्यासाठी बंद आहे हे बापाला सांगावे लागते. पाण्याच्या तळ्यासाठी लढलेल्या समाजाला हे दुःख वेगळे समजवावे लागू नये. १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळेना, तेव्हा डॉ. बाबासाहेबांनी पाच तास कामाठी बागेत काढले होते. बाग हाच त्या दिवशी त्यांचा आसरा होता. तिकीट काढले की रांगेत जात विचारली जात नाही, याची किंमत आपल्याला ठाऊक आहे. मात्र तिकिटाचा आकडा हेही एक दार आहेच, ते नाकारून चालणार नाही.

नांदेड-लातूरकरांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्याच राज्यात होतो. म्हणून शाळांच्या सहली तिकडे वळतात यात नवल नाही. तिथली रामोजी फिल्म सिटी १९९६ ची, सोळाशे एकरांहून मोठी. ‘बाहुबली’चे चित्रीकरण तिथलेच. पाहायला अख्खा दिवस लागतो, तेव्हा सकाळी उघडतानाच पोहोचावे. आमचा सल्ला असा की आदल्या संध्याकाळी हुसेनसागर गाठावा. लुंबिनी पार्कमधून होडी सुटते ती तळ्याच्या मधोमध उभ्या असलेल्या बुद्धमूर्तीपर्यंत जाते. एकाच दगडातून घडवलेली ही मूर्ती १९९० साली नेताना तळ्यात बुडाली, कामावरची काही माणसेही दगावली. १९९२ च्या डिसेंबरात ती वर काढून उभी केली. मुलांना ही हकीकत होडीतच सांगावी.

खर्चाचे म्हणाल तर एस.टी.त महिलांना मार्च २०२३ पासून राज्यात अर्धे तिकीट आहे, त्यामुळे यात्रेची फेरी तरी हलकी झाली. मोठ्या पार्कात बहुतेक ठिकाणी घरचा डबा आत नेऊ देत नाहीत, म्हणून दाराबाहेरच पोटभर खाऊन घ्यावे. काही पाळण्यांना उंचीची अट असते. धाकट्याला आधीच सांगून ठेवलेले बरे, नाहीतर तो रांगेतच भोकाड पसरतो. यात्रेत मात्र अट सांगणारा कोणी नसतो. तेव्हा दांडी नीट लागली की नाही, पट्टा तुटका तर नाही, हे बसण्याआधी आपणच हाताने ओढून पाहावे, आणि शंका आली तर पैसे गेले तरी खाली उतरावे.