वाटेतला धोंडा

एका मोठ्या खडकाच्या कडेवर सायकली एकामागून एक येत होत्या. कडेपलीकडे वाट एकदम खाली तुटलेली. पुढचे स्पर्धक सायकलसकट हवेत झेपावत होते आणि पलीकडच्या उतारावर उतरून पुढे निघून जात होते. त्यांच्या पाठोपाठ नेदरलँड्सचा माथ्यू व्हान डेर पूल आला. त्याने झेप घेतली नाही. खाली काहीतरी आधार असावा अशा बेताने त्याने पुढचे चाक सोडले. आधार नव्हता. सायकल नाकावर उभी राहिली आणि हा पठ्ठ्या तिच्यावरून पुढे जाऊन जमिनीवर आदळला.

दिवस होता २६ जुलै २०२१. ठिकाण जपानमधले इझू. एक वर्ष पुढे ढकललेल्या टोकियो ऑलिम्पिकमधली ही पुरुषांची माउंटन बाइक शर्यत, आणि तिची ही पहिलीच फेरी.

व्हान डेर पूल काही नवशिका नव्हता. चिखलातून, खाचखळग्यांतून पळवायच्या 'सायक्लोक्रॉस' शर्यतीत तो तोवर चार वेळा जगज्जेता झाला होता. त्याच वर्षीच्या 'टूर द फ्रान्स'मध्ये सहा दिवस पिवळी जर्सी त्याच्या अंगावर होती आणि ऑलिम्पिकसाठी ती शर्यत अर्धवट सोडून तो आला होता. मग असा गडी पडला कसा? तर सरावाच्या वेळी त्या कड्याला उतरत्या फळीचा आधार दिलेला होता. शर्यतीच्या दिवशी ती फळी काढून घेतली होती आणि ती जागेवर आहे याच समजुतीत त्याने चाक खाली सोडले. तो उठला, काही काळ चालवत राहिला, पण शर्यत पुरी करू शकला नाही. सुवर्णपदक ब्रिटनच्या टॉम पिडकॉकने नेले. त्याचेही गळ्याचे हाड दोनच महिन्यांपूर्वी मोडले होते.

फळी काढणार हे कोणी कोणाला सांगितले होते आणि कोणाला नाही, यावर नंतर पुष्कळ चर्चा झाली. त्यात आपण पडायला नको. आपल्याला कर्तव्य आहे ते त्या फळीशी. कारण जगभरच्या डोंगरांत आज अशा फळ्या कोणी ना कोणी रोज लावत आहे आणि त्या काढायला मात्र कोणी येत नाही.

पुसून घेतलेली वाट

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन या देशांत डोंगरात सायकल चालवणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. त्यांच्यासाठी जंगलातून खास वाटा आखलेल्या असतात. त्या आखणारे बहुतेक जण हौशी कार्यकर्ते. सुटीच्या दिवशी कुदळ-फावडे घेऊन जायचे, जमीन ज्याच्या ताब्यात असेल त्याची परवानगी घ्यायची आणि महिनोन् महिने खपून मैलभर वाट तयार करायची, असा त्यांचा उद्योग. वाटेत मुळांचे जाळे असते, दगडांची रास असते, अवघड उतरण असते. त्यांतली कित्येक त्यांनी मुद्दाम राखलेली असतात, काही तर मुद्दाम रचलेली असतात.

मग एखाद्या शनिवारी कोणीतरी तिथे येतो. त्या दगडांच्या राशीत त्याचे पुढचे चाक अडकते, पाय खाली टेकतो. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून तो सायकल झाडाला टेकवतो, दोन दगड उपसून बाजूला टाकतो, एका मोठ्या दगडाच्या पुढ्यात लहान दगड रचून चढण करतो आणि शीळ घालत निघून जातो. पुढच्या शनिवारी वाट आखणारा येऊन पाहतो, तर महिनाभराची मेहनत साफ!

या प्रकाराला तिकडे 'सॅनिटाइज' करणे म्हणतात. दवाखान्याची फरशी जंतुनाशकाने पुसून घ्यावी तशी वाट पुसून घ्यायची. दगडाला हात न लावता त्याच्या शेजारून झुडपे तुडवत नवी वाट पाडली, तर तिला 'चीटर लाइन' म्हणतात. मराठीत तिच्यासाठी नवा शब्द घडवावा लागत नाही. पळवाट हा शब्द आपण फार पूर्वीपासून वापरतो आहोत! २००९ साली 'स्ट्रावा' आले आणि कोणी कुठला टप्पा किती सेकंदांत पार केला, हे घरबसल्या दिसू लागले. मग दोन सेकंद वाचवण्यासाठी वळणे कापून सरळ रेघ मारणारेही निघाले.

नाचता येईना अंगण वाकडे, असे आपल्याकडे म्हणतात. पण ती म्हण रचणाऱ्याने निदान अंगण जागेवर राहू दिले होते. इथे ते सरळच करून घेतले जाते!

जळकी ब्रेकं आणि जुन्या सायकली

गंमत अशी की, या खेळाचा जन्मच सायकलीला न सोसणाऱ्या वाटेवर झाला. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही तरुण १९३०-४० च्या दशकांतल्या जुन्या, जाड टायरांच्या सायकली जमवून टेकड्यांवरून खाली सोडत असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तिथल्या एका कच्च्या रस्त्यावर शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत सुमारे १३०० फूट उतार. सायकलींना पायडल उलटे दाबून लागणारे ब्रेक होते. खाली पोचेपर्यंत ते एवढे तापत, की मागच्या चाकाच्या तुंब्यातले ग्रीस जळून धूर निघे. प्रत्येक फेरीनंतर तुंबा उघडून नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नाव पडले 'रिपॅक', म्हणजे पुन्हा भरा!

गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्या टोळक्यातली नावे पुढे प्रसिद्ध झाली. त्यांच्या सायकली मोडत, वाकत. तेव्हा त्यांनी काय केले? सायकल बदलली. १९७७ साली जो ब्रीझने डोंगरासाठी वेगळी चौकट बांधली आणि तिथून खरी माउंटन बाइक घडत गेली. १९८९ मध्ये धक्के झेलणारा पुढचा फोर्क बाजारात आला. नंतर डिस्क ब्रेक, मोठी चाके, हँडलवरची कळ दाबताच खाली जाणारी सीट असे एकेक येत गेले. १९९६ मध्ये हा खेळ ऑलिम्पिकमध्येही गेला. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या पोरांच्या स्वप्नातही नव्हत्या अशा सायकली आज विकत मिळतात. आणि नेमक्या त्याच वेळी वाटेतले दगड लोकांना जास्त टोचू लागले आहेत.

दगड काय करतो?

वाटेतला दगड म्हणजे नुसती अडचण, असा समज असेल तर तो वाट आखणाऱ्याला विचारून पाहावा. तो सांगेल की दगडाला तिथे तीन कामे आहेत.

पहिले काम राखणदाराचे. जाणते आखणारे अवघड वाटेच्या तोंडाशीच एक अवघड टप्पा ठेवतात. तो जमला नाही, तर पुढची वाट आपल्यासाठी नाही हे तिथेच कळते आणि माणूस मुकाट्याने परत फिरतो. कोणी उपकार म्हणून तो टप्पा सोपा केला, की नवशिका हसत हसत आत शिरतो. खरा कडा त्याला अर्ध्या मैलावर भेटतो, तोही भर वेगात. पहिल्याच दगडाशी गुडघा खरचटला असता, तिथे आता मनगट मोडते. अडचण काढली म्हणजे धोका जातोच असे नाही. कधी कधी तो फक्त पुढे सरकतो.

दुसरे काम वेग आवरण्याचे. खडबडीत वाटेवर सायकल आपोआप हळू होते. तीच गुळगुळीत झाली, की सुसाट सुटते. त्याच वाटेवर समोरून कोणी आजोबा नातवाला घेऊन फिरायला आले असतील, तर काय होईल याची कल्पना करावी.

तिसरे काम मातीचे. उतारावरच्या वाटेची माती दगड आणि मुळे धरून ठेवतात. मूळ तोडले की तिथे खळगा पडतो, खळग्यात पाणी साचते, चिखल टाळायला लोक कडेने जातात आणि हातभर रुंदीची वाट बघता बघता बैलगाडीच्या रस्त्याएवढी होते. पुढच्या पावसात तिचा ओढा होतो. कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या नॉर्थ शोअरच्या डोंगरांत पाऊस अतोनात आणि मुळांचे जाळे दाट. तिथल्या कार्यकर्त्यांचा निम्मा वेळ पाण्याला वाट करून देण्यातच जातो.

फूटपाथची पायरी

मग दगड पार करायचा कसा? याचे उत्तर फारसे गूढ नाही. फूटपाथची चार बोटांची कडा गाठायची. सीटवरून किंचित उठायचे, गुडघे आणि कोपरे सैल, वजन पायांवर, हात हलके. नजर चाकाखाली ठेवायची नाही, चार हात पुढे ठेवायची. कडेजवळ येताच शरीर खाली दाबून वर घ्यायचे आणि त्याच लयीत पुढचे चाक उचलायचे. शंभरदा केले की जमते. मग वीतभर उंचीची पायरी. मग डोंगरातला दगड. त्याच्यापाशी आधी उतरून चालत जायचे, कुठून शिरायचे नि कुठून बाहेर पडायचे ते पाहायचे, जाणत्या माणसाला दोनदा करायला सांगायचे, मग आपण. न जमल्यास पुन्हा मागे. जाणते सायकलस्वार एकाच दगडापाशी अर्धा अर्धा दिवस घालवतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांनी हे सगळे वेगळ्या रीतीने केलेले आहे. वडिलांची किंवा तासावर भाड्याने आणलेली चोवीस इंची सायकल, सीटपर्यंत पोचत नाही म्हणून नळीखालून घातलेला पाय आणि ते हाफ पायडल! माझे दोन्ही गुडघे आजही त्याची साक्ष देतील. सायकल लहान होत नव्हती, म्हणून आम्हीच मोठे होत गेलो. एके दिवशी पाय नळीवरून पलीकडे गेला, तेव्हा झालेला आनंद कुणी सायकल कापून बुटकी करून दिली असती तर मिळाला असता का?

शिडी कोणासाठी?

दुसरी बाजूही ऐकायला हवी. लहान मुलांनी, पन्नाशीच्या बायाबापड्यांनी, नव्याने शिकणाऱ्यांनी जायचे कुठे? सगळ्या वाटा सराईतांच्याच का? शिवाय, नॉर्थ शोअरच्या जंगलात लाकडी पूल नि शिड्या बांधून अवघड वाटा माणसांनीच केल्या ना? मग मीही चार दगड हलवले तर काय बिघडले?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही तिथल्या लोकांनी शोधले आहे. बर्फावरच्या घसरणीच्या वाटांसारख्याच या वाटांनाही खुणा असतात. हिरवे वर्तुळ सोपी, निळा चौकोन मध्यम, काळा चौकट अवघड. सोप्या वाटा कमी असतील तर आणखी बांधाव्यात. अवघड दगडाच्या बाजूने आखणाऱ्यानेच एक सोपी बगल काढून ठेवावी, जी पाणी आणि झाडे पाहून काढलेली असेल. काही बदल हवा असेल तर ज्याने वाट बांधली त्याला जाऊन सांगावे, आणि जमल्यास एक दिवस त्याच्याबरोबर फावडे धरावे. बांधणारा आणि गुपचूप हलवणारा यांच्या हातांत दगड तोच असतो. एक जण सगळ्यांचा विचार करून ठेवतो, दुसरा स्वतःपुरता उचलतो.

आपल्याकडे कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. १६४६ मीटर उंचीच्या त्या शिखरावर देवीचे देऊळ आहे आणि नवरात्रात तिथे आबालवृद्ध जातात. त्यांना कातळारोहण शिकून या, असे कोणी म्हणणार नाही. ती शिडी दर्शनाला जाणाऱ्यासाठी आहे. खेळासाठी जाणाऱ्याचे तसे नाही. त्याला माथ्यावर पोचण्याइतकीच पोचण्याच्या रीतीचीही किंमत असते. अडचण हाच त्याचा खेळ.

गिर्यारोहकांनी हा वाद सायकलवाल्यांच्या आधीच घातला होता. १९७० मध्ये इटलीच्या चेझारे माएस्त्रीने पॅटागोनियातल्या सेरो टोरे या सुळक्यावर पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर चढवला आणि कातळात शेकडो खिळे ठोकले. त्याच सुमारास राइनहोल्ड मेसनरने 'अशक्याचा खून' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. जे आज आपल्याला जमत नाही ते उद्याच्या पिढीसाठी शिल्लक ठेवा, असा त्याचा रोख होता. जानेवारी २०१२ मध्ये हेडन केनेडी आणि जेसन क्रुक हे दोन तरुण बहुतेक खिळ्यांना न शिवता तो सुळका चढले आणि उतरताना त्यांनी शंभरावर खिळे उपटून टाकले. पायथ्याच्या गावात त्यावरही संताप झाला, कारण चाळीस वर्षांत ते खिळेच अनेकांची वाट झाले होते. पण त्यानंतर काही दिवसांतच ऑस्ट्रियाचा डेव्हिड लामा त्याच बाजूने, वर चढण्यासाठी एकाही खिळ्याचा आधार न घेता माथ्यावर गेला. अशक्य ते शक्य झाले होते. कातळ तोच होता, माणसे बदलली होती.

अडलेल्या माणसापुढे दगड हलवणे आणि दगडावर आदळणे असे दोनच मार्ग असतात, असेही नाही. तिसरा मार्ग आहे, तो म्हणजे सायकलवरून उतरणे. उतरावे, सायकल खांद्याला लावावी, दगड चालत ओलांडावा आणि पुढे पुन्हा स्वार व्हावे. भले भले सायकलपटू असे उतरतात. त्यात हार नाही. आज जमले नाही, एवढीच ती कबुली असते.

दगडाला कसलीही घाई नसते. तो पुढच्या रविवारीही तिथेच असेल, फक्त आपण तो तिथे राहू दिला पाहिजे.