ग्रह की ताऱ्यावरील डाग?

२८ ऑगस्ट २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील कॅनबेराजवळच्या अँटेनावरून पंचवीस हजारांहून अधिक लोकांचे संदेश अवकाशात पाठविण्यात आले. तूळ तारकासमूहात, सुमारे २० प्रकाशवर्षे दूर, ‘ग्लीझ ५८१’ नावाचा मंद लाल तारा आहे. हे संदेश त्याच्या ‘डी’ या ग्रहासाठी होते. तेथे पाणी असू शकेल, अशी तेव्हा चर्चा होती. पुढे पाच वर्षांतच संशोधकांनी सांगितले, की हा ग्रह अस्तित्वातच नाही.

मग दिसले होते ते काय? वास्तविक तो ग्रह कोणी प्रत्यक्ष पाहिला नव्हता. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डुलतो. तो आपल्याकडे येताना त्याच्या वर्णपटातील रेषा निळ्या बाजूस सरकतात, तर दूर जाताना तांबड्या बाजूस. चिलीतील ला सिया वेधशाळेच्या ‘हार्प्स’ उपकरणाने टिपलेल्या अशा सरकण्यावरून ग्रहाचे अनुमान काढले गेले होते.

परंतु ताऱ्यावर डागही असतात आणि तारा स्वतःभोवती फिरतो. फिरताना त्याची एक कड आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते. येणाऱ्या कडेवर गडद डाग असला, की त्या बाजूचा प्रकाश उणा पडतो आणि सगळा ताराच दूर जात असल्याचा भास होतो. डाग दुसऱ्या कडेला पोहोचताच भास उलटतो.

हा भेद ओळखण्याच्या काही कसोट्या आहेत. ग्रहामुळे रेषा आकार न बदलता सरकते. डागामुळे तिचा आकारच बिघडतो. ग्रहाचा परिणाम सर्व रंगांत सारखा असतो, डागाचा रंगागणिक बदलतो. ग्रहाची लय वर्षानुवर्षे टिकते. डाग उमटतात आणि विरतात.

२०१४ मध्ये पॉल रॉबर्टसन व सहकाऱ्यांनी हायड्रोजनच्या तांबड्या रेषेवरून या ताऱ्याची चुंबकीय सक्रियता तपासली. ताऱ्याची एक फेरी सुमारे १३० दिवसांची, तर ‘डी’ची प्रदक्षिणा सुमारे ६६ दिवसांची, म्हणजे जवळजवळ निम्मी निघाली. सक्रियतेचा वाटा वजा करताच ‘डी’ची खूण पुसली गेली, अन्य तीन ग्रहांच्या खुणा मात्र अधिक स्पष्ट झाल्या. या निष्कर्षावर आक्षेपही घेतले गेले. तरी आज तेथे तीनच ग्रह मानले जातात.

ही वजाबाकी पुढेही टळणार नाही. पृथ्वीच्या ओढीने सूर्य सेकंदाला जेमतेम ९ सेंटिमीटर वेगाने डुलतो. सूर्यावरील हालचालींचा गोंधळ त्याहून कितीतरी मोठा असतो. दुसरी पृथ्वी शोधायची, तर आधी तारा नीट ओळखावा लागेल. २००९ चे ते संदेश २०३०च्या सुमारास ‘ग्लीझ ५८१’पाशी पोहोचतील, ज्या ग्रहाच्या नावे ते निघाले, तो मात्र तेथे नसेल.