काळ्याकडून पिंगटाकडे

‘हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत’ असे अनुभवाचे प्रमाणपत्र स्वतःच स्वतःस बहाल करणारी वडीलधारी मंडळी धारवाडच्या मराठी घरांतून अद्यापही आहेत. परंतु ऊन केसांचा रंग उतरविते ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. सोळाव्या शतकात व्हेनिस नगरीतील स्त्रिया घराच्या छपरावर लाकडी मंच बांधून, माथ्याचा भाग कापून टाकलेल्या टोपीच्या काठावर केस पसरून, तासन्‌तास उन्हात बसत असत, आणि चेझारे व्हेचेल्लिओ याने १५९० साली प्रसिद्ध केलेल्या वेशभूषाविषयक ग्रंथात या खटाटोपाची नोंद आहे. आपल्याकडे मात्र भुरे केस हे तेलपाण्यावाचून वाढणाऱ्या पोराचे लक्षण मानले जाई, आणि आहारात प्रथिनांचा दुष्काळ पडला म्हणजे मुलांचे काळे केस तांबूस होतात हे वैद्यकशास्त्रही सांगते. ज्या भुरेपणावर माझ्या आईने खोबरेलाची वाटी उपडी केली असती, तोच हस्तगत करण्यासाठी माझी भाची गेल्या उन्हाळ्यात हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातून, बांगड्या आणि गंगावने टांगलेल्या दुकानांच्या ओळीतून, एक पुडके आणि एक बाटली घेऊन आली.

तासाभराने तिने आरसा माझ्यापुढे धरला. “मामा, पुडक्यावरची बाई बघा आणि मला बघा!” पुडक्यावरची बाई सोनेरी होती, आमच्या कन्यकेच्या केसांना नव्या माठाचा रंग आला होता, आणि कानामागची कातडी लाल होऊन चुरचुरत होती.

यात पुडक्याचा दोष थोडा आणि अपेक्षेचा फार, हे समजण्यासाठी केसाच्या अंतरंगात डोकावले पाहिजे. केसाच्या बाहेरच्या अंगास कौलारू छपरासारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्यांच्या आत मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचे कण दडलेले असतात. काळ्या लुगड्यावर हळद सांडली तर डाग दिसत नाही, त्याच न्यायाने या कणांचा अंमल असेपर्यंत वरून लावलेला कोणताही फिका रंग दिसावयाचा नाही. म्हणून आधी ते कण नाहीसे करावे लागतात. परीट कोऱ्या कापडास खार लावून भट्टी देतो, तशीच काहीशी ही क्रिया आहे. अमोनियासारखा खार खवल्यांची कौले उचलतो, आणि लुई झाक तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ साली शोधून काढलेले हायड्रोजन पेरॉक्साइड त्या फटींतून आत शिरून मेलॅनिनचे विघटन करते. मेलॅनिनाच्या दोन जातींपैकी काळसर जात लवकर शरण येते, तांबडी मात्र हटवादी असते. त्यामुळे काळा केस आधी तपकिरी, मग तांबडा, मग नारिंगी आणि अखेरीस पिवळा होतो. या वाटेवरचा एकही मुक्काम चुकविता येत नाही. माझी भाची दुसऱ्या आणि तिसऱ्या मुक्कामाच्या दरम्यान उतरली होती, इतकेच.

बाटलीवर ‘वीस व्हॉल्यूम’ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ असा की, त्या द्रावणाच्या एका मापातून प्राणवायूची वीस मापे सुटतात. त्यात पेरॉक्साइडचे प्रमाण सुमारे ६ टक्के असते. तीस म्हणजे ९ आणि चाळीस म्हणजे १२ टक्के. घाईच्या माणसास चाळीसचा मोह होतो, आणि तिथेच केसांबरोबर डोक्याची त्वचाही पोळते. घरच्या कामास वीसच्या वर जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. लिंबाचा रस लावून उन्हात बसण्याने थोडासा फरक पडतो खरा, पण केस वाळक्या गवतासारखे होतात; पातळ केलेल्या मधातून अल्पस्वल्प पेरॉक्साइड निर्माण होते, पण काळ्या केसापुढे त्याची मात्रा चालत नाही; आणि मेंदी तर केस उजळवीतच नाही, उलट आपला रंग वर चढविते. बाजारच्या काही मेंद्यांत धातूंचे क्षार मिसळलेले असतात व त्यांवर पेरॉक्साइड पडले की केस तापून तुटू शकतात, म्हणून पूर्वी मेंदी लावलेली असल्यास विंचरताना गळलेल्या चार केसांवर आधी प्रयोग करून पाहावा. तयार मिश्रणाचा ठिपका कानामागे लावून दोन दिवस वाट पाहण्याची तजवीजही याच जातीची आहे. आमच्याकडे ती वगळली गेली होती.

किफायतीचा विचार करावयाचा तर पुडक्याची किंमत ही जमाखर्चातली पहिली रक्कम होय. पुढे नारिंगीवर उतारा, रुक्ष झालेल्या केसांची डागडुजी आणि महिन्याला सुमारे सव्वा सेंटिमीटर या गतीने मुळाशी उगवणारा काळा केस, यांची वसुली चालूच राहते. सबंध डोके उजळण्याऐवजी कानापुढच्या पाचसहा बटाच घ्याव्या आणि तांबूस-पिंगट मुक्कामावर संतोष मानावा, म्हणजे एका पुडक्यात वर्ष निघते, हा हिशेब भाचीने दुसऱ्या खेपेस पत्करला.

त्या खेपेस तिने आदल्या दिवशी न्हाणे टाळले, कारण त्वचेवरचा स्वाभाविक तेलकटपणा रसायनाचा दाह कमी करतो. रात्री बटांना खोबरेल चोळले. खोबरेल केसाच्या आत शिरून त्यातील प्रथिनांची झीज कमी करते असे आरती रेले आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी २००३ साली प्रयोगांनी दाखविले आहे, तेव्हा आमच्या आईची वाटी अगदीच अशास्त्रीय नव्हती. काचेच्या वाडग्यात मिश्रण, हातांत मोजे, खांद्यावर जुना पंचा, केसांच्या कडेने त्वचेवर व्हॅसलिन. लेप प्रथम बटेच्या मध्यावर आणि टोकांस, मुळांशी सर्वांत शेवटी, कारण डोक्याच्या उष्णतेने तिथे क्रिया वेगाने होते. दर पाच मिनिटांनी कापसाने एक बट पुसून ती उजेडात पाहावयाची, आणि पुडक्यावरची मुदत संपण्याआधीच हवा तो रंग आला तर मुदतीची भीड धरावयाची नाही. उरलेले मिश्रण मात्र बाटलीत बंद करून ठेवू नये. आत प्राणवायू साचून बाटली फुटते.

नारिंगी छटा बोचत असेल तर तिच्यावर निळी आणि पिवळीवर जांभळी छटा चढवितात. पिवळट पडलेल्या धोतरास नीळ देणाऱ्या पिढीस हे तत्त्व नव्याने शिकविण्याची गरज नाही, फक्त धोतराची नीळ केसांस लावू नये. त्यासाठी निळसर वा जांभळा शांपू मिळतो.

हुबळी-धारवाडात एक अडचण अशी की, सौंदत्तीच्या जलाशयातून येणारे मलप्रभेचे पाणी अनेक वस्त्यांत काही दिवसांआड सुटते, आणि हा लेप तर भरपूर कोमट पाण्याने, पाण्यास बुळबुळीतपणा उरेनासा होईपर्यंत, धुवावा लागतो. पहिल्या खेपेस भाचीने पिंपाच्या तळाशी उरलेल्या तांब्याभर पाण्यात हे काम उरकले होते. कानामागच्या चुरचुरण्यास तेही कारण होते. दुसऱ्या खेपेस तिने पाणी येण्याचा वार पाहून पहाटे पिंप भरले आणि मगच पुडके फोडले.

बटा पिंगट झाल्या. तिच्या आईच्या, म्हणजे आमच्या अक्काच्या, लक्षात ते तिसऱ्या दिवशी वेणी घालताना आले. तिने एक बट बोटात धरून खिडकीकडे वळविली आणि विचारले, “उन्हात फार हिंडलीस का गं?”