निळं किती वेळ टिकतं?

परीक्षानळीत १० मिलिलिटर दूध घ्यायचं, १ मिलिलिटर मेथिलीन ब्लू टाकायचं आणि नळी ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवायची. दूध निळं होतं. मग वाट पाहायची. जिवाणू दुधातला प्राणवायू वापरून टाकतात तसा रंग विरतो आणि दूध पुन्हा पांढरं दिसू लागतं. निळं पाच तास टिकलं तर दूध उत्तम. अर्ध्या तासात गेलं तर वाईट.

कुंडल गावाचा पलूस तालुका उसाचा, तसाच दुधाचा. याच तालुक्यात भिलवडीला १९३९ साली चितळ्यांनी दूधधंदा सुरू केला. आज गावच्या संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांशाखेरीजचे घन घटक) मिनिटभरात कळतं, त्यावर दर लागतो. जिवाणूंचं उत्तर यायला मात्र तास जातात, आणि तोवर एका अस्वच्छ कॅनातलं दूध सगळ्यांच्या दुधात मिसळलेलं असतं. गोठा झाडून, सड धुऊन, निर्मळ धार काढणाऱ्या बाईची मेहनत फॅटच्या आकड्यात दिसत नाही. खरी खंत ती आहे.

इथं सोनं उपयोगी पडू शकतं. १३ नॅनोमीटरइतक्या बारीक कणांचं सोनं पाण्यात माणकासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरडेनं १८५७ सालीच त्या लालीचा अभ्यास मांडला होता. कण एकमेकांजवळ गोळा झाले की लाल रंग निळसर जांभळा होतो. कणांवर ठरावीक जिवाणूला धरणारी प्रतिपिंडं बसवली की ते कण त्या जिवाणूभोवती जमतात आणि रंग बदलतो. ई. कोलाय हा जिवाणू साधारण २,००० नॅनोमीटर लांब. म्हशीला गोमाश्या बसाव्यात तसं ते दृश्य.

दुसरी वाट प्रकाशाची. मुंबईच्या आयआयटीत सौम्यो मुखर्जी यांच्या गटानं प्रकाशतंतू ‘यू’ आकारात वाकवला. वाकवल्यानं प्रकाश तंतूबाहेर जरा जास्त डोकावतो आणि पृष्ठभागाला चिकटलेल्या जिवाणूंनी किती प्रकाश शोषला ते मोजता येतं. २००९ साली त्यांनी अशा तंतूवर सोन्याचे नॅनोकण बसवले. २०११ च्या प्रयोगात, कणांशिवायच, २०० मायक्रॉन गाभ्याच्या तंतूनं मिलिलिटरमागे हजाराहून कमी ई. कोलाय ओळखले.

पण दूध म्हणजे नितळ पाणी नव्हे. स्निग्धांश आणि केसीन संवेदकावर आधीच जाऊन बसतात.

शिवाय प्रतिपिंड मेलेल्या जिवाणूलाही धरतं. निळी नळी फक्त जिवंतांचा श्वास मोजते. म्हणून काही संशोधक प्रतिपिंडाच्या जागी जिवाणुभक्षी विषाणू वापरतात. तो आपल्या ठरावीक जिवाणूला चिकटतो, आणि जिवाणू जिवंत असेल तरच त्याच्या आत वाढतो.