नावं मागणारा बाप

१७ डिसेंबर १९८३. नाताळ आठवड्यावर आलेला, त्यात शनिवार. लंडनच्या नाइट्सब्रिज भागातल्या हॅरॉड्स या जगप्रसिद्ध दुकानात आणि भोवतालच्या रस्त्यांवर खरेदीची झुंबड उडाली होती. दुपारी पाऊणच्या सुमारास उत्तर आयर्लंडमधल्या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मी (आयआरए) या सशस्त्र संघटनेच्या नावानं फोनवरून इशारा आला. त्यानंतर ३७ मिनिटांनी, बाजूच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या संशयास्पद गाडीकडे पोलीस जात असतानाच तिच्यातल्या बॉम्बचा स्फोट झाला. तीन पोलीस आणि तीन नागरिक असे सहा जण मृत्युमुखी पडले, नव्वद जखमी झाले. दुसऱ्या दिवशी आयआरएच्या नेतृत्वानं निवेदन काढलं. आमच्याच माणसांनी हे केलं, पण आम्ही परवानगी दिली नव्हती, असा त्याचा आशय होता.

ज्याच्या घरातलं माणूस त्या दिवशी गेलं, त्यानं हे निवेदन वाचून काय करायचं? संघटना सांगते, माणसं आमचीच. ती कोण, हे मात्र सांगत नाही. पोलीस सांगतात, तपास चालू आहे. मग दार कुणाचं ठोठावायचं?

नऊ वर्षांनी, १९९२ साली, स्टीफन लेदर या ब्रिटिश लेखकाची ‘द चायनामन’ ही कादंबरी आली, ती नेमक्या याच कोंडीवर उभी आहे. लेदर मूळचा पत्रकार. लंडनमधल्या दैनिकांत आणि हाँगकाँगच्या ‘साउथ चायना मॉर्निंग पोस्ट’मध्ये त्यानं काम केलं होतं. बातमीदाराला दोन गोष्टी चांगल्या ठाऊक असतात. मोठ्या घटनेतला लहान माणूस दुसऱ्या दिवशीच्या अंकातून गळून पडतो आणि सरकारी कार्यालयात खेटे घालणाऱ्याला हळूहळू ‘कटकट्या’ ठरवलं जातं. या दोन्ही गोष्टी कादंबरीच्या पायात आहेत.

युद्धातून आलेला माणूस

कादंबरीचा नायक न्गुयेन न्गोक मिन्ह दक्षिण लंडनमध्ये बांधून नेण्याच्या जेवणाचं छोटं दुकान चालवतो. माणूस अबोल, कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. लोक त्याला सरसकट चिनी समजतात. तो आहे व्हिएतनामी. नाइट्सब्रिजमधल्या एका मोठ्या दुकानात झालेल्या आयआरएच्या स्फोटात त्याची बायको आणि धाकटी मुलगी मारली जाते. हॅरॉड्सची आठवण ताजी असलेल्या वाचकाला वेगळं काही सांगायची गरज नव्हती.

मिन्हचा भूतकाळ लेदरनं इतिहासातून उचलला आहे. व्हिएतनाम युद्धात मिन्ह आधी व्हिएतकाँग या कम्युनिस्ट बंडखोरांकडून लढला, नंतर अमेरिकनांच्या बाजूनं. असे पक्ष बदललेले सैनिक खरोखरच होते. १९६३ पासून दक्षिण व्हिएतनामनं ‘चिएऊ होई’ ही योजना राबवली. शरण येणाऱ्या व्हिएतकाँग सैनिकांना माफी मिळे आणि त्यांतल्या काहींना अमेरिकी तुकड्यांसोबत वाटाडे म्हणून नेमलं जाई. राजधानी सायगावच्या वायव्येला कू ची भागात व्हिएतकाँगची मैलोन्‌मैल भुयारं होती. झाडीत लपवलेल्या तारा, खड्ड्यांत रोवलेले बांबूचे टोकदार खुंट आणि शत्रूच्या न फुटलेल्या बॉम्बमधून काढलेल्या दारूचे सापळे, ही त्या भागातल्या लढाईची हत्यारं. ही विद्या शिकलेला माणूस पुढे लंडनमध्ये भात परततो आहे, या एका कल्पनेवर कादंबरीचा सगळा ताण तोललेला आहे.

३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडलं. त्यानंतरच्या वीस वर्षांत लाखो माणसं होड्यांतून देशाबाहेर पडली. थायलंडच्या आखातात चाचे त्यांची वाट पाहत असत. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायोगाची १९८१ ची नोंद वाचवत नाही. त्या वर्षी थायलंडला पोचलेल्या ४५२ होड्यांपैकी ३४९ होड्यांवर हल्ले झाले, तेही सरासरी तीन-तीन वेळा. ५७८ स्त्रियांवर बलात्कार झाले, २२८ स्त्रिया पळवल्या गेल्या, ८८१ माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. मिन्हच्या दोन थोरल्या मुली कादंबरीत अशाच चाच्यांच्या हाती मरतात आणि बापाला ते असहायपणे पाहावं लागतं. म्हणजे तिसरी मुलगी जाते, तेव्हा या बापाकडे गमावण्यासारखं काही उरलेलं नसतं.

तरीही तो लगेच शस्त्र उचलत नाही, हे मला या कादंबरीचं खरं बळ वाटतं. तो आधी पोलिसांकडे जातो. अधिकाऱ्यांकडे जातो. कोणी केलं, त्यांना पकडण्यासाठी काय चाललंय, हे दोनच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. त्याला टोलवलं जातं. मग तो उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला जाऊन आयआरएची राजकीय बाजू असलेल्या शिन फेनशी जोडलेल्या लिअम हेनेसीसमोर उभा राहतो आणि त्याच्याकडे नावं मागतो. हेनेसी म्हणतो, मला माहीत नाही. गंमत म्हणजे तो खरं बोलतो आहे. स्फोट करणारी टोळी नेतृत्वाला न जुमानता काम करते आहे. पण ज्याचं घर उद्ध्वस्त झालं, त्याच्या दृष्टीनं ‘माहीत नाही’ हे उत्तरच नव्हे. तो हेनेसीच्या मागे लागतो. त्याला जिवे मारायचं नसतं. माहिती काढून देण्याची ताकद ज्याच्याकडे आहे, त्याला ती काढायला भाग पाडायचं असतं.

सूडकथेचा कच्चा दुवा

या प्रकारच्या कथांत सत्तरचं दशक ज्या कादंबरीनं गाजवलं, ती म्हणजे ब्रायन गारफील्डची ‘डेथ विश’ (१९७२). तिच्यावरचा चार्ल्स ब्रॉन्सनचा चित्रपट १९७४ साली आला. त्यातला नायक बायको-मुलीवरच्या हल्ल्यानंतर न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर गुंडांना गोळ्या घालत सुटतो. ज्यांनी त्याचं घर मोडलं, ते मात्र त्याला शेवटपर्यंत सापडत नाहीत. मरतात ते दुसरेच. चित्रपटानं या नायकाला डोक्यावर घेतलं, हे गारफील्डला रुचलं नाही; त्याला उत्तर म्हणून त्यानं १९७५ साली ‘डेथ सेन्टेन्स’ ही पुढची कादंबरी लिहिली.

मिन्ह त्या मानानं काटेकोर आहे. त्याला ‘कुणीही आयरिश माणूस’ नको, नेमकी नावं हवीत. पण नावं मिळवायची त्याची रीत कोणती? दडपण. स्फोट, धमकी, सापळे. कादंबरीच्या जगात दडपणाखाली खरं नाव बाहेर येतं. वाचक ते निमूटपणे मान्य करतो, कारण आपल्याला आधीच गुन्हेगारांच्या खोलीत नेऊन बसवलेलं असतं. कोण दोषी, हे आपल्याला ठाऊक असतं. संपूर्ण सूडकथा या एका सोयीवर चालते आणि तोच तिचा कच्चा दुवा आहे.

प्रत्यक्षातल्या ब्रिटननं दडपणाखाली नावं मिळवून पाहिली होती. २१ नोव्हेंबर १९७४ रोजी बर्मिंगहॅममधल्या दोन पबमध्ये स्फोट होऊन २१ माणसं मेली. देश खवळला. पोलिसांनी सहा आयरिश माणसं पकडली. त्यांतल्या चौघांच्या कबुलीजबाबावर सह्या होत्या. १९७५ मध्ये सहाही जणांना जन्मठेप झाली. आपल्याला मारहाण करून सह्या घेतल्या, हे ते सांगत राहिले. १४ मार्च १९९१ रोजी, सोळा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर, न्यायालयानं त्यांची शिक्षा रद्द केली. ‘द चायनामन’ त्यानंतर वर्षभरानं आली. म्हणजे कादंबरी हातात घेणाऱ्या ब्रिटिश वाचकाला सक्तीनं काढलेल्या नावांची किंमत ताज्या बातम्यांतून कळलेली होती.

आपल्या परंपरेत पुत्रशोकाच्या सूडाची सर्वांत मोठी कथा अर्जुनाची. अभिमन्यू पडला त्याच संध्याकाळी अर्जुनाला जयद्रथाचं नाव कळलं आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्ताची प्रतिज्ञा झाली. तरी अभिमन्यूवर शेवटचा घाव जयद्रथाचा नव्हता. त्यानं पांडवांची वाट अडवली होती. डोळ्यांदेखत चाललेल्या युद्धातही सूडाचं बोट घाव घालणाऱ्यावरच पडलं असं नाही. मग बॉम्ब ठेवून निघून गेलेल्या अनोळखी हाताबद्दल काय बोलावं?

खरे बाप

कादंबरीशेजारी ठेवायला हवीत ती याच काळातल्या खऱ्या बापांची आयुष्यं. ती मिन्हइतकीच थरारक आहेत.

८ नोव्हेंबर १९८७ रोजी उत्तर आयर्लंडमधल्या एन्निस्किलन गावात युद्धस्मारकाजवळ आयआरएच्या स्फोटानं अकरा जणांचा बळी घेतला. कापडदुकानदार गॉर्डन विल्सन आणि त्यांची वीस वर्षांची, परिचारिका होण्याचं शिक्षण घेणारी मुलगी मरी एकाच ढिगाऱ्याखाली गाडले गेले. तिचा हात त्यांच्या हातात होता. ती वाचली नाही. काही तासांतच विल्सन यांनी बीबीसीला सांगितलं की, त्यांच्या मनात कुणाबद्दल द्वेष नाही. अनेकांना, काही पीडित कुटुंबांनाही, हे पटलं नाही. आपल्या वतीनं क्षमा करण्याचा अधिकार यांना कुणी दिला, असं त्यांना वाटलं. तो प्रश्नही खराच होता. पण विल्सन भाबडे राहून थांबले नाहीत. १९९३ साली ते आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी त्यांनी आयआरएच्या प्रतिनिधींना समोरासमोर भेटून हिंसा थांबवण्याची विनंती केली. हाती काही न लागता ते परतले.

२० मार्च १९९३ रोजी इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनच्या बाजारपेठेत कचऱ्याच्या पिंपांत आयआरएनं ठेवलेले बॉम्ब फुटले. तीन वर्षांचा जोनाथन बॉल तिथेच गेला. बारा वर्षांचा टिम पॅरी पाच दिवसांनी. टिमचे वडील कॉलिन पॅरी आणि आई वेंडी यांनी दोन्ही मुलांच्या नावानं शांततेसाठी काम करणारी संस्था उभी केली. २०१३ साली त्यांनी त्या केंद्रात बोलण्यासाठी ज्याला बोलावलं, तो माणूस होता मार्टिन मॅकगिनेस. एकेकाळचा आयआरएचा कमांडर आणि तेव्हा उत्तर आयर्लंडचा उपमुख्यमंत्री. पॅरी यांनी क्षमा केल्याचं म्हटलं नाही. त्यांनी बोलणं सुरू ठेवलं.

२१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर अमेरिकी विमान स्फोटानं कोसळलं आणि २७० जण मेले. त्यांत जिम स्वायर या इंग्लिश डॉक्टरांची तेवीस वर्षांची मुलगी फ्लोरा होती. विमानतळांवरची तपासणी किती तकलादू आहे हे दाखवण्यासाठी १९९० मध्ये स्वायर खोटा बॉम्ब घेऊन लंडनहून न्यू यॉर्कला जाणाऱ्या विमानात बसले आणि कुणीही त्यांना अडवलं नाही. संशय लिबियावर आला, तेव्हा १९९१ मध्ये ते तिथे जाऊन खुद्द सत्ताधीश गद्दाफीला भेटले. २००१ साली अब्देलबासेत अल-मेग्राही या लिबियन माणसाला जन्मठेप झाली. इतकी वर्षं ज्या नावाच्या मागे धावले, ते नाव हाती आलं. आणि त्याच खटल्यातला पुरावा ऐकून स्वायर यांची खात्री झाली की हे नाव चुकीचं आहे. मुलीच्या खुनासाठी दोषी ठरलेल्या माणसाच्या बाजूनं हा बाप पुढची अनेक वर्षं उभा राहिला. कोणत्याही सूडकथेच्या लेखकाला सुचलं नसतं असं हे वळण आहे.

आणि उत्तर आयर्लंडमधलं ओमा हे गाव. तिथला हिंसाचार थांबवण्यासाठीचा गुड फ्रायडे करार होऊन चार महिने झाले होते. १५ ऑगस्ट १९९८ रोजी करार न मानणाऱ्या ‘रिअल आयआरए’ या फुटीर गटानं ओमात बॉम्बस्फोट करून २९ माणसं मारली. लेदरच्या कादंबरीतली नेतृत्वाला न जुमानणारी टोळी जणू खरी होऊन आली. २१ वर्षांचा मुलगा गमावलेले मायकल गॅलघर आणि इतर कुटुंबं फौजदारी खटले फसताना पाहून दिवाणी न्यायालयात गेली. २००९ साली बेलफास्टच्या उच्च न्यायालयानं चार माणसांना नावानिशी जबाबदार धरून सोळा लाख पौंडांहून अधिक भरपाई ठरवली. बापांनी नावं मिळवली, ती कायद्याच्या वाटेनं आणि पुराव्यानिशी.

पडद्यावर, आणि मुंबईत

२०१७ साली मार्टिन कॅम्पबेल यांनी या कादंबरीवर ‘द फॉरेनर’ हा चित्रपट काढला. हसतमुख जॅकी चॅननं साठी उलटल्यावर वाकलेल्या खांद्यांचा, विझलेल्या डोळ्यांचा बाप उभा केला. हेनेसीच्या भूमिकेत पिअर्स ब्रॉस्नन, आणि हेनेसीला इथे उत्तर आयर्लंडचा उपमुख्यमंत्री केलेलं. मॅकगिनेस त्याच वर्षी वारले होते. पडद्यावर बाप उपमुख्यमंत्र्याच्या कार्यालयात स्फोट घडवतो. चार वर्षांपूर्वी एका खऱ्या बापानं खऱ्या उपमुख्यमंत्र्याला बोलायला बोलावलं होतं.

हीच कथारचना आपल्याकडे २००८ मध्ये नीरज पांडे यांच्या ‘अ वेन्सडे’मध्ये दिसली. नसीरुद्दीन शहांनी साकारलेला मुंबईचा निनावी सामान्य माणूस लोकलमधल्या स्फोटांनी पेटून उठतो आणि पोलिसांच्या ताब्यातल्या दहशतवाद्यांना स्वतः संपवायला निघतो. चित्रपटात त्या कैद्यांच्या अपराधाविषयी शंकेला जागाच नाही. वास्तवात ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांत १८० हून अधिक मुंबईकर गेले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. आणि २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष सोडलं. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली आहे आणि अपील पुढे चालू आहे. लोकलमध्ये माणसं गमावलेल्या त्या कुटुंबांचा प्रश्न इतक्या वर्षांनंतरही मिन्हचाच आहे.

म्हणून ‘द चायनामन’ आजही वाचावी. तिच्यातल्या बॉम्बांसाठी नव्हे, पहिल्या प्रकरणांतल्या खेट्यांसाठी वाचावी. नाव मागणं हा शोकग्रस्त माणसाचा हक्क आहे, त्याला उपद्रव समजणारी व्यवस्था स्वतःच सूडाला आमंत्रण देते, हे तिनं ठसठशीत सांगितलं. पण मिळालेलं नाव तपासून घेणं हेही त्याच हक्काचं अर्धं अंग आहे. ते मात्र सूडकथा सांगू शकत नाही. ते स्वायर आणि गॅलघर यांच्यासारख्या बापांकडून शिकावं लागतं. बर्मिंगहॅमच्या सहा निरपराधांची सुटका झाली त्याला तीन दशकं उलटली. त्या २१ बळींसाठी खऱ्या गुन्हेगारांपैकी एकालाही अजून शिक्षा झालेली नाही.